पिठाचा कोंबडा आणि जपानी नवरी



मागच्या रविवारी स्वाध्याय आटोपला, ग्रंथ वेष्टनात बांधून झाला, आणि नेहमीप्रमाणे उठायच्या आधी दहा मिनिटं गप्पा झाल्या. विषय निघाला मुलींच्या वाचनाचा. एका काकूंनी सांगितलं, आमच्या नातीच्या दप्तरात जपानी चित्रांचं पुस्तक सापडलं. त्यात एक बाई घोड्यावर बसून सशाची शिकार करते, आणि तिचं लग्न झालंय बारा वर्षांच्या पोराशी. दुसऱ्या म्हणाल्या, ठरावच करून टाका, असली पुस्तकं जैन घरात नकोत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही तिथंच बसले होते, आणि बोलले नाही. कारण ते पुस्तक त्या मुलीला माझ्याच नातीनं वाचायला दिलं होतं, आणि त्याचे सात भाग आमच्या घरी माझ्या उशाशी पडले होते.

त्या वेळी गप्प बसले याची लाज वाटली, म्हणून आज लिहिते आहे. ठराव मला मान्य नाही. पण "जाऊ द्या हो, चित्रांचं पुस्तक ते, त्यानं काय होतं" असं म्हणणाऱ्या आपल्या सुनांचंही मला पटत नाही. त्यानं पुष्कळ काही होतं. मलाच झालं.

आधी पुस्तक काय आहे ते सांगते, कारण ठरावाला मान डोलावणाऱ्यांपैकी एकीनंही ते उघडलेलं नाही. जपानात चित्रकथांना मांगा म्हणतात. ही मालिका काओरू मोरी नावाच्या बाईंची. २००८ पासून ती तिकडच्या मासिकात येते आहे, २०११ पासून इंग्रजीत 'अ ब्राइड्स स्टोरी' या नावानं मिळते, आणि २०१४ साली तिला जपानातला 'मांगा ताइशो' पुरस्कार मिळाला. काळ एकोणिसाव्या शतकाचा. प्रदेश कास्पियन समुद्राच्या आजूबाजूचा, मध्य आशियाचा. अमीर नावाची वीस वर्षांची मुलगी दूरच्या भटक्या टोळीतून सून म्हणून येते आणि नवरा निघतो बारा वर्षांचा करलुक. त्या काळी तिकडे वीस म्हणजे लग्नाचं वय उलटलेली मुलगी. पुढे एकेका भागात वेगवेगळ्या नवऱ्या येतात. एकामागून एक पाच भावांशी लग्न लावलेली आणि पाचही वेळा विधवा झालेली तलास, दोघींच्या अंगात वारं भरलेल्या जुळ्या लैला आणि लैली, तोंडानं फटकळ पण मनानं हळवी पारिया.

पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. मी पहिली दहा पानं उलटी वाचली आणि म्हटलं, ही गोष्ट काही कळत नाही बाई. नात हसून हसून लोळली.

आता माझा हिशेब मांडते. बी.कॉम. झालेली आहे, जमा-नावे केल्याशिवाय चैन पडत नाही.

जमेच्या बाजूला पहिली गोष्ट म्हणजे बाईच्या हाताचं काम. या पुस्तकात भरतकामाला जितकी पानं दिली आहेत तितकी मी कुठल्या मराठी कादंबरीत पाहिली नाहीत. तिलेके नावाची एक लहान पोर आहे. तिला कपड्यावर फक्त ससाणेच भरायचे असतात. तिची आजी तिला घरातले जुने कपडे काढून दाखवते. हा नमुना माझ्या आईचा, हा तिच्या आईचा. टाक्यात माणसं कशी शिल्लक राहतात ते त्या पोरीला हळूहळू कळतं. मला माझ्या आईनं शिवलेली गोधडी आठवली. तिच्यात माझ्या परकराचा तुकडा आहे, भावाच्या पहिल्या सदऱ्याचा आहे, आणि आजीच्या लुगड्याचा काठ आहे. आपल्या समाजात घरकामाला कर्तव्य म्हणतात, धर्म म्हणतात, पण त्याच्याकडे दहा मिनिटं बसून कोणी पाहत नाही. त्या जपानी बाईनं पाहिलं. रोटी भाजायची भट्टी, लाकडावरचं कोरीवकाम, गालिचा, एकेक धागा. पानंच्या पानं, कधी एका शब्दाशिवाय.

दुसरी जमा अशी की या मालिकेत सासू आणि आजेसासू ही माणसं आहेत. अमीरच्या माहेरचे पुरुष तिला परत न्यायला येतात, कारण दुसऱ्या एका टोळीशी सोयरीक टिकवायला त्यांना आणखी एक मुलगी हवी असते. तेव्हा सासरचं घर तिच्या पाठीशी उभं राहतं. सून ही देण्याघेण्याची वस्तू नाही असं पुस्तक कुठे भाषण करून सांगत नाही, पण ते दिसतं. आपल्या टीव्हीवर रात्री साडेआठला दागिने घालून झोपणाऱ्या सासवा सुनेच्या दुधात काय काय मिसळतात. त्या मालिकांविरुद्ध ठराव करायचं कोणाला सुचलं नाही.

आता नावे.

पहिलं नावे सशाचं. अमीर धनुष्य घेऊन निघते, घोडा धावतो, बाण सुटतो, आणि ते सगळं इतकं देखणं काढलंय की मी चष्मा वर करून पुन्हा पाहिलं. मग ससा पडलेला दिसला, मग त्याचं कालवण. मी पुस्तक मिटलं. चहा केला, पण प्यायला जाईना. मला खटकला तो ससा नव्हता, माझं पुन्हा पाहणं खटकलं. आपल्याकडे हिंसेला तीन दारं सांगितली आहेत: कृत, कारित आणि अनुमोदना. मी बाण मारला नाही, कोणाला मारायला लावला नाही. पण "वा, काय नेम आहे" असं मनात आलं, त्याला काय म्हणायचं? मी त्याला अनुमोदना म्हणते. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात ते आठवून मिच्छा मि दुक्कडं म्हटलं. हसू नका, खरं सांगते आहे.

म्हणूनच "चित्रच ते" म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. आपल्या कारंज्याहून एक ग्रंथमाला निघाली होती, अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला, बाहेर तिला 'कारंजा जैन सीरीज' म्हणून ओळखतात. तिचा पहिला ग्रंथ १९३१ साली आला, महाकवी पुष्पदंताचा 'जसहरचरिउ', संपादक डॉ. प. ल. वैद्य. त्यात यशोधर राजाची कथा आहे. राजा आईला वाईट स्वप्न पडल्याचं सांगतो. आई चंद्रमती म्हणते, देवीला बळी दे. राजा जीव मारायला तयार होत नाही, तेव्हा आई म्हणते, मग पिठाचा कोंबडा करून काप. तो कापतो. आणि त्या एका पिठाच्या कोंबड्यापायी आई आणि मुलगा दोघं जन्मामागून जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत जातात, कापले जातात, शिजवले जातात. पीठच होतं ते, पण भाव खरा होता. हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे, मग "चित्रच ते" हे आपण कोणत्या तोंडानं म्हणायचं?

ठराववाल्या काकू इथं म्हणतील, बघा, तुम्हीच आमची बाजू मांडलीत. थांबा. तोच 'जसहरचरिउ' पुन्हा आठवा. सुरुवात कुठं होते? मारिदत्त राजाच्या देवीच्या देवळात. तिथं जोडीजोडीनं प्राणी बळी द्यायला आणलेत, आणि माणसांची जोडी म्हणून कोवळ्या वयाचे दोन क्षुल्लक, भाऊ-बहीण, धरून आणलेत. कवीनं ते देऊळ झाकलं नाही, रक्तमांसासकट आपल्यापुढे उभं केलं. यशोधराची राणी अमृतमती कुबड्याच्या प्रेमात पडते, मध्यरात्री नवऱ्याच्या मिठीतून उठून जाते, हेही त्यानं लपवलं नाही. हिंसा दाखवणं हे पाप असतं तर पुष्पदंताचा ग्रंथ आपल्या भांडारात सापडला नसता. पाप तिची गोडी लागण्यात आहे. म्हणजे मुलीला विचारायचा प्रश्न "हे पुस्तक का उघडलंस" हा नाही. "हे पान पाहताना तुला काय वाटलं" हा आहे. पहिला प्रश्न पोलिसाचा झाला. दुसरा आजीचा, आणि तो विचारायला आजीनं पान पाहिलेलं असावं लागतं.

दुसरं नावे बारा वर्षांच्या नवरदेवाचं. इथं मी ठराववाल्या बायकांच्या बाजूनं आहे, आणि नाहीही. लेखिकेनं ते लग्न जपून काढलंय. अमीर त्या पोराला आधी धाकट्या भावासारखं जपते, तो आजारी पडला की तिचा जीव खालीवर होतो, आणि हळूहळू दोघांत माया उमलते. वाचताना गोड वाटतं. या गोडव्याशीच माझं भांडण आहे. लहान वयातलं लग्न इतक्या सुंदर कशिद्यात गुंडाळून दिलं की त्याची किंमत दिसत नाही. सोळा वर्षांची मुलगी वाचते आणि म्हणते, किती छान ना आजी.

पण मैत्रिणींनो, आपला राग नेमका कशावर आहे? मंडळात सगळ्या किंचाळल्या त्या "नवरी वीसची आणि नवरा बाराचा!" यावर. उलटं असतं तर किंचाळलो असतो का?

माझ्या आजीचं लग्न अकराव्या वर्षी झालं, आजोबा तेव्हा एकवीसचे. १९२९ साली शारदा कायदा झाला, मुलीचं वय कमीत कमी चौदा आणि मुलाचं अठरा ठरलं, आणि तो लागू होणार होता १ एप्रिल १९३० पासून. त्याआधीच्या महिन्यांत ठिकठिकाणी लोकांनी घाईघाईनं लग्नं उरकून घेतली. माझी आजी त्या घाईतली. सासरी येताना पेटीत भातुकली होती. पहिल्या रात्री ती सासूच्या कुशीत झोपली आणि "मायजवळ नेऊन द्या" म्हणून रडली. ही गोष्ट आजी हसत हसत सांगायची आणि आम्ही सगळे हसायचो. साठी उलटल्यावर मला कळतंय की आजीचं ते हसणं आणि जपानी पुस्तकातला तो गोडवा एकाच कापडाचे आहेत. जे सोसलं ते गोड करून सांगितल्याशिवाय सांगताच येत नव्हतं. अकरा आणि एकवीस ही आपल्याला कौतुकाची जुनी आठवण, आणि वीस आणि बारा हे विकृत! मुलगी अठराची आणि मुलगा एकवीसचा हा नियम कायद्यात १९७८ साली आला, म्हणजे इथं बसलेल्या काहीजणींच्या तर लग्नाच्याच तोंडावर. आपण जैन म्हणून या बाबतीत वेगळ्या नव्हतो. नात वाचते त्या पुस्तकावर बोट ठेवायचं तर तेच बोट आधी घरातल्या जुन्या फोटोवर ठेवायला हवं. मी ते नातीला दाखवलं. आजीचा फोटो काढला आणि वय सांगितलं. त्यानंतर तिनं "किती छान" म्हटलं नाही.

आता मंडळातला तिसरा आक्षेप, आणि मला सर्वांत जास्त टोचलेला. प्रेमकथा, राजाराण्या, शृंगार, हे आपलं नव्हे म्हणे. जैनांच्या घरात फक्त वैराग्याचं वाचन हवं.

हे कारंज्यात बसून म्हणायचं म्हणजे कमाल आहे. आपल्या गावच्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघाच्या मंदिरांत शेकडो वर्षं हस्तलिखितं जपली गेली. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची १९२६ साली छापली, तेव्हा या भांडारांकडे विद्वानांचे डोळे वळले. मग अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी इथले अपभ्रंश ग्रंथ प्रकाशात आणले. १९३३ साली पुष्पदंताचं 'णायकुमारचरिउ', १९३४ साली कनकामर मुनींचं 'करकंडचरिउ'. हे ग्रंथ काय आहेत ते ठाऊक आहे ना? नागकुमार हा देखणा, वीणेत निपुण राजपुत्र. देशोदेशी फिरतो, पराक्रम करतो, आणि जागोजागी राजकन्या वरतो. करकंड राजा तर एका राजकन्येचं चित्र पाहूनच तिच्या प्रेमात पडतो. चित्र पाहून! पुढे सिंहलद्वीप आहे, समुद्रप्रवास आहे, ताटातूट आहे, पुनर्भेट आहे. आणि याच कथेत तेरापूरची लेणी आणि पार्श्वनाथांची मूर्ती येते. ती लेणी म्हणजे आपल्या धाराशिवजवळची लेणी, असं डॉ. हिरालाल जैन यांनी दाखवून दिलं. इतिहास आणि प्रेमकथा एकत्र गुंफायची विद्या आपल्याला जपानकडून शिकायची गरज नव्हती. ती आपल्या मुनींनी हजार वर्षांपूर्वी वापरली. वाचणारा राजकन्येच्या ओढीनं आत शिरतो, आणि शेवटच्या संधीपर्यंत पोचला की राजा मुनी होऊन निघालेला असतो. 'णायकुमारचरिउ' तर पंचमीच्या उपवासाचं फळ सांगण्यासाठी लिहिलेलं आहे. आपल्या आचार्यांनी शृंगाराला भिऊन दार लावलं नाही. त्यांनी त्याला हाताशी धरलं आणि वैराग्यापर्यंत चालवत नेलं.

पण इथं हिशेब अर्धवट सोडून चालणार नाही. करलुकच्या वयावर बोलते तर नागकुमाराच्या बायकांवरही बोललं पाहिजे. त्या सगळ्या जिंकलेल्या, दान मिळालेल्या किंवा पणाला लागलेल्या आहेत. नायक दीक्षा घेतो तेव्हा त्याचं वैराग्य आपल्याला पानभर कळतं, त्यांच्या मनाला एक ओळ मिळाली तर नशीब. जपानी पुस्तकात उलट आहे. तिथं आत्म्याचा विचार औषधालाही नाही, पण एकेका बाईच्या मनाला दोनशे पानं मिळतात. पाच वेळा विधवा झालेल्या तलासच्या सासूला सुनेचं पुन्हा लग्न व्हावं असं वाटतं, आणि त्या विचारानं ती तगमगते. आपल्या समाजात गेल्या शतकाच्या सुरुवातीला बालविधवांचं काय होत होतं ते जुन्या बायकांना विचारा. सोलापूरच्या पंडिता सुमतीबाई शहांसारख्या बायकांनी श्राविकाश्रम चालवून अशा मुलींच्या हातात पाटी-पेन्सिल दिली, तेव्हा कुठे त्यांना आपलं असं आयुष्य मिळालं. त्या मुलींची गोष्ट चित्रांत कोणी काढली आहे? मला तरी कुणी आणून दाखवावी. आपल्या मुली मध्य आशियातल्या विधवेसाठी रडतात याला जबाबदार जपान नाही. आपण आहोत.

आता ज्या पानासाठी मी एवढं सगळं लिहिलं, त्या पानावर येते. जुळ्या बहिणींच्या लग्नाचं पान. अख्खं गाव जेवायला आलंय, आणि पाहुण्यांसाठी मेंढ्या कापल्या जातात. चित्रकर्तीनं तेही तितक्याच बारकाईनं काढलंय, कारण तिच्या लेखी तेही बायापुरुषांचं कामच. लग्नाचा आनंद आणि मेंढ्यांचं मरण एकाच पानावर, आणि पुस्तकातल्या कोणालाही त्यात काही विसंगत वाटत नाही. मी तिथं थांबले, नातीला हाक मारली, आणि विचारलं, "अशा लग्नाची आपली गोष्ट माहीत आहे तुला?"

तिला नेमिनाथ भगवान माहीत होते, पाठशाळेत पाठ केलेले. बाविसावे तीर्थंकर, शंख चिन्ह, निर्वाण गिरनार. पण वरातीत रथावर बसलेला नवरदेव, कुंपणात कोंडलेल्या जनावरांचा आकांत, "ही का बांधलीत?" "तुमच्याच लग्नाच्या जेवणासाठी" हे उत्तर, आणि तिथून मागे फिरलेला रथ, हे तिला त्या मेंढ्यांच्या पानासमोर बसून पहिल्यांदा दिसलं. ती म्हणाली, "आजी, म्हणजे आपल्या गोष्टीत नवरदेवाला ऐकू आलं." हो, बाळा. सगळा फरक तेवढाच आहे. कितीही सुंदर कशिदा काढा, ऐकू येत नसेल तर ते लग्न अपुरं आहे. दहा वर्षांच्या पाठशाळेनं जे झालं नाही ते त्या एका नको असलेल्या पानानं झालं.

पण ती सोळा वर्षांची आहे, पुढचं विचारणारच. "मग राजुलला कोणी विचारलं का? ती तर मेंदी लावून बसली होती."

मैत्रिणींनो, राजुलची गाणी आपण सगळ्यांनी म्हटली आहेत. तिच्या विरहाच्या बारा महिन्यांवर माझी आई डोळे पुसायची. पण हा प्रश्न मी पन्नास वर्षांत कधी विचारला नव्हता. मी तिला खरं तेच सांगितलं. नाही, तिला कोणी विचारलं नाही. घरच्यांनी दुसरं स्थळ पाहू म्हटलं तेव्हा ती नाही म्हणाली, आणि गिरनारची वाट तिनं स्वतः धरली, आर्यिका झाली. पहिला निर्णय तिच्यावर येऊन पडला, दुसरा तिचा स्वतःचा होता. नातीचं यानं पूर्ण समाधान झालं नाही. माझंही झालं नाही. पण प्रश्न माझ्या स्वयंपाकघरात विचारला गेला, मोबाइलवर नाही. ठराव केला असता तर पुस्तक दप्तराच्या तळाशी गेलं असतं आणि प्रश्न त्याच्याबरोबर.

आता एक गोष्ट कडू लागेल तरी सांगते. कागदावरच्या मेंढ्यांसाठी आपण ठराव करायला निघालो, त्या दिवशी त्या खोलीत निम्म्या जणी रेशमी साड्या नेसून बसल्या होत्या. रेशमाचा धागा अखंड निघावा म्हणून कोष आतल्या जिवासकट उकळतात. एक किलो कच्च्या रेशमाला हजारो कोष लागतात. माझ्या कपाटात लग्नातला शालू आहे, त्यामुळे मी कोणाच्या वर नाही. आणि आपल्या लग्नांचं काय? गेल्या हंगामात मी ज्या लग्नांना गेले त्यांपैकी किती ठिकाणी सूर्यास्ताआधी पंगत उठली? रात्री दहाला विजेच्या झगमगाटात पाखरं ताटात पडत होती आणि आपण पनीर वाढून घेत होतो. ठरावच करायचा तर तो करा. तो पिठाच्या कोंबड्याच्या जास्त जवळचा आहे.

मग माझं म्हणणं काय? सोपं आहे.

ही मालिका लहान पोरींच्या हाती देऊ नका. सातव्या भागात हमामाची उघडी चित्रं आहेत आणि शिकारीची गोडी कोवळ्या मनाला लागू नये असं मला वाटतं. मोठ्या मुलीनं आणली तर हिसकावू नका. आधी स्वतः वाचा, उजवीकडून. ससा, मेंढ्या आणि बारा वर्षांचा नवरदेव, या तीन ठिकाणी तिच्या शेजारी बसा. तिला जे आवडलं ते तुम्हालाही आवडलं असेल तर तसं सांगा, खोटं नाक मुरडू नका. आणि जिथं आपली गोष्ट वेगळी आहे तिथं ती सांगा, राजुलच्या प्रश्नासकट.

आणि श्रुतपंचमीला आपण जिनवाणीची मिरवणूक काढतो, वेष्टनं बदलतो, अष्टक म्हणतो. या वर्षी एक ग्रंथ वेष्टनाबाहेर काढून वाचूया. डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ पासून षट्खंडागमाचे धवला टीकेसह सोळा भाग छापून काढले ते पूजेसाठी नव्हे, वाचण्यासाठी. तेवढं जड नको असेल तर करकंड राजाची गोष्ट घ्या. आणि आपल्या मुलींपैकी जिचा हात चित्रकलेत चालतो तिला ती काढू द्या. धाराशिवची लेणी काढू दे, सिंहलद्वीपाची राजकन्या काढू दे. त्या राजकन्येला काय वाटलं असेल तेही तिला काढू दे, जे मुनीश्वरांनी लिहायचं राहून गेलं.

येत्या रविवारी स्वाध्यायाला मी त्या मालिकेचा पहिला भाग पिशवीत घालून आणणार आहे, आणि सोबत यशोधराची कथा. सशाचं पान मी खूण घालून ठेवलंय. ज्यांना ठराव करायचा आहे त्यांनी आधी ते पान पाहावं आणि मनात काय आलं ते खरं खरं सांगावं. माझ्या मनात काय आलं ते मी वर सांगितलंच आहे.